कड्यावरून टांगलेलं निशाण

कोण म्हणालं ते? मेल्कर, तूच ना? परत म्हण. "वरून वाकून टांगलं तर काय बिघडतं, खाली वळसा घालून कशाला मरायचं?" म्हण की. आता का तोंड शिवलंस?

ठेव ती पिशवी खाली. निशाणं कुठे पळून जात नाहीत. स्तीना, शेगडीत एक ओंडका टाक आणि कॉफी ओत. माझ्या कपात साखर नको, मागच्या वेळी घातलीस ती अजून दातात अडकलीय. उद्याची शर्यत उद्या बघू. आत्ता बसा. मला गोष्ट रंगवून सांगता येत नाही, झालं ते सांगतो. मध्ये ज्याचा फोन वाजेल तो बाहेर जाईल, थंडीत, आणि तिथेच राहील.

इंगेमार. नाव ऐकलं असेल, नसेल. हल्ली ते कोणी घेत नाही. तीस वर्षं आपल्या क्लबच्या शर्यतीची आखणी तो करायचा. कुठलं निशाण कुठल्या दगडाशी, कुठलं कुठल्या खळग्यात, सगळं तोच ठरवायचा आणि स्वतः जाऊन टांगायचा. गावातले लोक विचारतात, नकाशा घेऊन रानात धावायचं, नारिंगी-पांढरी फडकी हुडकायची, ही काय शर्यत झाली? त्यांना नाही कळणार. तुम्हाला कळतं. नकाशावर गोल काढलाय तिथे निशाण असायलाच पाहिजे. पोरं त्या गोलावर भरवसा ठेवून जीव टाकून पळतात. रात्रीच्या शर्यतीत तर डोळ्यांपेक्षा त्या गोलावरच भरवसा जास्त. आणि इंगेमारचं निशाण वीतभर इकडेतिकडे झालं नव्हतं कधी. असं तो म्हणायचा. आम्हीही मान डोलवायचो.

आता इल्वा. शर्यतीच्या दिवशी तुम्हाला ब्लूबेरीचं गरम सूप देते ना गुड्रुन, तिची ही मुलगी. एकुलती. एकोणीस वर्षांची होती. वायरिंगचं काम शिकत होती, बोटांना कायम चिकटपट्टीचा वास. पळायची ती एल्क हरणासारखी, झाडी फोडत, नाकासमोर. नकाशा वाचायला तिला आईनेच शिकवलं. गुड्रुनसारखा नकाशा वाचणारं माणूस आपल्या भागात झालं नाही. माझा अर्धा जन्म लाकूडतोडीत रानात गेला, मी सांगतो.

दहा वर्षं झाली. इथल्याच वार्गबेरीच्या टेकड्यांवर, रानात, रात्रीची शर्यत होती. पाऊस पडून गेलेला, दगड साबणासारखे. इल्वा सगळ्यांच्या पुढे. सातवं निशाण मोठ्या कड्याच्या पायथ्याशी होतं. पोरगी आली ती कड्याच्या माथ्याकडून. आणि खाली गेली.

तिच्यापर्यंत पहिला पोहोचला इंगेमार. त्याने शिट्टी वाजवली, बाकीचे धावले. तोवर ती गेलेली. पोलीस आले, त्यांनी बघितलं, निशाण पायथ्याशी. नकाशातला गोल पायथ्याशी. मिटलं प्रकरण. इंगेमार सगळ्यांना सांगत फिरला. "पोरीने कडा उलटा वाचला. वर काय नि खाली काय, कळलंच नाही तिला." प्रेत पुरलं त्या दिवशी गुड्रुनलाही तेच सांगितलं, हात हातात घेऊन.

मुलगी गेली ते एक दुःख. त्यावर हे. गावात दुकानात, बसथांब्यावर तेच. एवढी नकाशावाली आई, आणि तिचीच पोरगी कडा उलटा वाचते! गुड्रुनने ऐकून घेतलं. त्या दिवसापासून ती रानात गेली नाही. टेबलामागे उभी राहून सूप वाटायची. इंगेमार समोर आला की त्याच्याही कपात ओतायची. तो सूप फुंकत म्हणायचा, "बिचारी गुड्रुन." तिच्या तोंडावर. मी ऐकलंय या कानांनी.

पुढची चार वर्षं इंगेमारने त्या कड्याच्या अंगाला एकही शर्यत नेली नाही. कधी म्हणे झाडी दाट झालीय, कधी म्हणे पक्ष्यांची घरटी आहेत. मग क्लबवर नवीन अध्यक्ष आला, तो शाळामास्तर. बैठकीत नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "इथलं रान तर सगळ्यात झकास आहे. इंगेमार, कडा चावतो का रे तुला?"

सगळे हसले. इंगेमारही हसला. नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं की का म्हणून कोणीतरी विचारलं असतं.

तो सगळ्या संतांचा शनिवार होता, नोव्हेंबरचा पहिला. दुसऱ्या दिवशी वर्षातली शेवटची शर्यत. गाव सगळं थडग्यांवर मेणबत्त्या लावायला गेलेलं. त्या दिवसांत चारलाच अंधार पडतो, तुम्हाला माहीत आहे. इंगेमार निशाणांची पिशवी पाठीवर टाकून निघाला.

मी म्हटलं, "थांब जरा, येतो मी बरोबर."

"तू बायकोच्या थडग्यावर जा, बिर्गर. तुला वर ओढत नेण्यापेक्षा निशाणं हलकी आहेत."

असा तोंडाळ. गेला. मी मेणबत्ती लावून इथे आलो, याच खोलीत, आणि सॉसेज उकडत ठेवले. वार्गबेरीवरून खाली दफनभूमी दिसते. तिथे सगळीकडे बारीक बारीक दिवे लागलेले असणार. मला तेव्हा उगीच वाटलं, वर एकट्या माणसाला ते बघून कसं वाटत असेल.

पुढचं मला त्याच्याच तोंडून कळलं. कसं ते येईल.

पहिली तीन निशाणं टांगली, काही नाही. आकाश भरलेलं, वारा नाही. चौथं टांगलं, खुंटावर डबी बसवली, आणि वळून चालायला लागला.

मागे डबी वाजली. पीक.

निशाणाशी पोहोचल्याची नोंद करायला बोटातली चिप डबीत घातली की वाजतं ना, तसं. तो थांबला. थंडीत बॅटरी करते कधी कधी, म्हणाला, आणि पुढे गेला.

पाचवं टांगलं. थोडं लांब गेला. पीक. वळून दिव्याचा झोत टाकला. माणूस नाही. निशाण मात्र हलत होतं. वारा नव्हता म्हणालो ना.

सहावं टांगलं. पाठ वळली... आणि पीक. हाताच्या अंतरावर. आणि त्याबरोबर श्वास. दमलेल्याचा नव्हे. पळायला उतावीळ झालेल्या माणसाचा असतो तसा, नाकातून, छोटा छोटा.

तेव्हा त्याने मला फोन केला. माथ्यावर रेंज असते, कड्याखाली नसते.

"बिर्गर, कोणाला पाठवलंस माझ्या मागे?"

"कोणाला पाठवणार? सगळे थडग्यांवर आहेत."

"कोणीतरी डब्या वाजवतंय. मी टांगतो, आणि मागून वाजवतंय."

"कोल्हा असेल."

"कोल्ह्याच्या बोटात चिप असते का रे, गाढवा?"

मी हसलो. हसता हसता मलाही ऐकू आलं. फोनमधून. पीक. अगदी त्याच्या तोंडाजवळ.

"इंगेमार?"

मग तो कुजबुजला. तीस वर्षांत मी त्याचा तसला आवाज ऐकला नव्हता.

"बिर्गर... सातवं मी अजून टांगलेलं नाही."

"मग टांग."

"समोर दिसतंय मला ते."

आणि फोन बंद. मी परत लावला, लागला नाही. वाटलं, बॅटरी गेली, नाहीतर खिशातल्या बाटलीने काम केलंय. सॉसेज खाल्ले, घरी जाऊन झोपलो. माझ्याकडे असं बघू नकोस, स्तीना. तूही तेच केलं असतंस.

त्याला समोर काय दिसलं ते सांगतो. निशाण, आणि त्यावर रिफ्लेक्टर. दिवसाच्या शर्यतीला रिफ्लेक्टरची निशाणं लागत नाहीत. ती या कपाटात कुलपात होती, किल्ली माझ्या खिशात. पण ते तिथे होतं. त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, अगदी समोर. झोत पडला की पांढरं लखलखणारं.

इंगेमारला ते लगेच ओळखू आलं. कारण एकदा ते त्यानेच तसं टांगलं होतं.

मेल्कर, आता कान उघडे ठेव. इल्वाच्या शर्यतीआधी याचा गुडघा सुजलेला होता. पायथ्याशी जायला मोठा वळसा, सगळा दगडगोट्यातून. कड्याखालून एक स्प्रूसचं झाड वर आलंय, त्याचा शेंडा माथ्यापासून हातभरच लांब. हा माथ्यावर आडवा झाला, वाकला, आणि निशाण त्या शेंड्याला अडकवून मोकळा झाला. म्हणाला, नकाशातल्या गोलात तर आहे ना! वरून खाली बघितलं तर गोलातच होतं. पण अंधारात माथ्याकडून पळत येणाऱ्या पोरीला काय दिसणार? समोर रिफ्लेक्टर. डोळ्यांच्या उंचीवर. म्हणजे जमीन तिथपर्यंत आहे. पायाखाली कशाला बघेल ती? तिने कडा उलटा वाचला नव्हता. तिने याच्यावर भरवसा ठेवला होता.

तर आता तेच याच्या समोर.

मूर्ख नव्हता तो. त्याने पाठ फिरवली. होकायंत्र काढलं, कडा उत्तरेला, हा दक्षिणेला निघाला, पायवाटेकडे. ती टेकडी त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखी पाठ. एकेक पाऊल चाचपून टाकत होता. थोडं गेला. समोर बघितलं.

रिफ्लेक्टर. डोळ्यांच्या रेषेत.

पूर्वेला वळला. चालला.

समोर तेच.

मागून आवाज यायला लागला. पळायच्या बुटांचे खिळे दगडावर वाजतात ना, तसा. कट... कट... सावकाश. ज्याला कसलीही घाई नाही, असा.

"कोण आहे?" हा ओरडला.

कट... कट...

"इल्वा?"

आवाज थांबला.

नावाने हाक मारल्यावर थांबला. हे त्याने मला दोनदा सांगितलं.

मग त्याला एक सुचलं. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही. आपल्या दिव्याने चमकतो. दिवाच नसला तर? त्याने डोक्यावरचा दिवा विझवला.

काळोख...

काहीच नाही...

आणि मग ते चमकलं. दिव्यावाचून.

दार लाव रे कोणीतरी. वारा येतोय.

मग तो धावला. त्या पांढऱ्या डोळ्याकडे पाठ करून, होकायंत्र छातीशी धरून, कड्यापासून लांब. दिशा बरोबर. पायाखालचा उतार ओळखीचा. एकही गोष्ट चुकलेली नाही.

फक्त जमीन नव्हती.

शुद्ध आली तेव्हा तो पायथ्याशी पडलेला. दोन्ही पाय गेलेले. फोनला रेंज नाही. ओरडला, घसा बसेपर्यंत. बर्फ पडायला लागला. हिवाळ्याचा पहिला. आणि मग बाजूने कोणीतरी यायला लागलं. दगडगोट्यातून. त्या मोठ्या वळशाने... जो वळसा याने कधी घातला नव्हता. एकेक दगड पार करत. आलं आणि डोक्याशी उभं राहिलं.

"मदत आण," हा म्हणाला.

कोणी हललं नाही.

"मी मरेन इथे."

नाही.

"इल्वा, मी..."

काही नाही. नुसतं उभं. रात्रभर.

सकाळी माझ्या गाडीत गुड्रुन होती, मागे सुपाचे डबे. उजाडलं नव्हतं. वाहनतळावर इंगेमारची गाडी, वर बर्फाचा थर, आजूबाजूला चाकाचा माग नाही. गुड्रुनने बघितलं.

"रात्रभर आत आहे हा," म्हणाली.

"बसला असेल कुठे पीत."

ती उतरली. माझ्या गाडीतला दिवा काढून डोक्याला बांधला. खांद्याला थर्मास अडकवला.

"तू कुठे निघालीस?"

"चल म्हणते ना."

चार वर्षांनी ती रानात पाऊल टाकत होती. नकाशा नाही, काही नाही. मी पुढे, ती मागे, आणि मागून नुसतं "डावीकडे... आता सरळ." थेट पायथ्याशी नेलं तिने मला.

तो दिसला. बर्फाखाली अर्धा. जिवंत. माझा दिवा त्याच्या डोळ्यांवर होता, मागचं माणूस त्याला दिसत नव्हतं. त्याने माझी विजार धरली आणि बोलायला लागला. डब्या, रिफ्लेक्टर, स्प्रूस, गुडघा, सगळं. तोंडाला बांध फुटल्यासारखं. मी थांबवलं नाही. मी मागे वळूनही बघितलं नाही.

"पोलीस आले तेव्हा तर निशाण खाली होतं," मी म्हटलं.

"मी काढलं. शेंड्यावरून. मग खाली आलो आणि पायथ्याशी लावलं. मग शिट्टी वाजवली."

"आधी निशाण, मग शिट्टी."

"हो."

"आणि ती तेव्हा..."

त्याचे ओठ निळे.

"इंगेमार. ती तेव्हा काय?"

"बघत होती माझ्याकडे." मग माझी विजार आणखी घट्ट धरली. "बिर्गर, गुड्रुनला सांगू नकोस. तीस वर्षांचं नाव आहे रे माझं. तिला नको..."

गुड्रुन उजेडात आली.

त्याने तिला बघितलं. हात सुटला त्याचा माझ्या विजारीवरून.

"किती वेळ बघत होती?" तिने विचारलं.

...

"किती वेळ, इंगेमार?"

...

तिने थर्मास उघडला. कपात सूप ओतलं. वाफ आली. त्याची नजर त्या वाफेवर. गुड्रुन ते सूप प्यायली. स्वतः. उभ्याने, एकेक घोट, शेवटपर्यंत. कप झटकला, झाकण लावलं.

मग मला म्हणाली, "वर जा आणि फोन कर, बिर्गर. सावकाश जा. बर्फ निसरडा आहे."

मी सावकाश गेलो. आयुष्यात इतका सावकाश मी चाललो नव्हतो. त्यापायी माझी एकदाही झोप उडालेली नाही. माथ्यावर पोहोचलो, स्प्रूसच्या शेंड्याकडे बघितलं. नुसता बर्फ. तिथे काही टांगलेलं नव्हतं.

तो मेला नाही. वृद्धाश्रमात आहे, खुर्चीत. त्या सकाळनंतर त्याच्या तोंडून शब्द फुटलेला नाही, पण सांगायचं ते सांगून झालं होतं. त्याच दुपारी, शर्यत रद्द झाल्यावर, मी इथे सगळ्या क्लबसमोर उभा राहिलो आणि एकेक गोष्ट सांगितली. स्प्रूस, शिट्टी, सगळं. भाषण मला येत नाही. चार शिव्याही घातल्या मध्ये. शेवटी म्हटलं, इल्वाने कडा बरोबर वाचला होता, आणि ज्याने कोणी या चार वर्षांत दुसरं काही म्हटलं असेल त्याने आत्ता गुड्रुनसमोर जाऊन उभं राहावं. बरेच जण उठले. मास्तर रडला. रडू दे.

एक राहिलं.

मी अँब्युलन्सची माणसं घेऊन पायथ्याशी परत आलो तेव्हा उजाडलं होतं. इंगेमार होता. गुड्रुन नव्हती.

त्याच्या डोक्याशी बर्फ दाबलेला. दोन पावलं, शेजारी शेजारी. खिळ्यांचे ठसे स्पष्ट. कोणी खूप वेळ एका जागी उभं राहिलं की बर्फ खाली वितळून घट्ट होतो, तसा. त्या जागेपर्यंत येणारी पावलं कुठेच नव्हती. जाणारी होती. एकच रांग. बाजूने, जरा अंतर ठेवून, गुड्रुनच्या बुटांचे ठसे. तिने त्या रांगेवर एकदाही पाय पडू दिला नव्हता.

त्यांनी इंगेमारला स्ट्रेचरवर घेतलं. मी त्या रांगेच्या मागे गेलो.

कुठे अडखळणं नाही, मागे वळणं नाही. दगडांमधून जिथून जायला हवं तिथून, दलदल जिथे घट्ट आहे नेमकी तिथून. रान संपलं, मैदान लागलं. त्या वर्षी शर्यतीची शेवटची रेषा वाहनतळाशेजारी होती, दोर आदल्या दिवशीच बांधून ठेवलेले. ती पावलं तिकडे गेली नाहीत. पलीकडच्या कोपऱ्यात गेली, लाकडांच्या ढिगाजवळ, जिथे काहीही नव्हतं. मोकळं.

मी थांबलो. मला आठवलं. इल्वाच्या त्या रात्रीच्या शर्यतीला शेवटची रेषा तिथे आखली होती.

शेवटी पावलांमधलं अंतर वाढलं होतं. आईसमोर, सगळ्यांच्या पुढे येताना माणूस पळतं तसं.

गुड्रुन तिथे उभी होती, हात पुढे करून. तिच्या पायांशी ती रांग संपली होती. पुढे बर्फ कोरा होता.